दाबायचं वजन, उचलायचं वजन

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, भूममधल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाईंनी संगणकावरची मोटारींची शर्यत पूर्ण केली. शर्यत बारा फेऱ्यांची होती. स्पर्धक एकोणीस होते आणि ते आपापल्या गावी, आपापल्या घरी बसून खेळत होते. बाईंचा क्रमांक सतरावा आला. त्यांचं वय त्या दिवशी एकसष्ट होतं. उजव्या पायात पोलिओ आहे, वयाच्या दुसऱ्या वर्षापासून.

खोलीत आम्ही तिघं होतो: बाई, तहसील कचेरीतला एक कारकून आणि मी. आम्ही दोघंही बाईंचे जुने विद्यार्थी. मी पुण्यात एका वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम करतो. पुढं लिहिलंय त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. जे ऐकीव आहे ते तसं नमूद केलं आहे.

बाई विद्यार्थ्यांना नावानं हाक मारत नसत. परीक्षेत मिनिटाला जितके शब्द पडले, तो आकडा म्हणजे त्या विद्यार्थ्याचं नाव. मी बत्तीस. कारकून तीस. दोन बहिणी होत्या, दोघींचीही स्पीड सारखीच आली, तेव्हा एक चाळीस आणि दुसरी धाकटी चाळीस. परीक्षा होईपर्यंत सगळेच शून्य. एकदा एक माजी विद्यार्थी लग्नाची पत्रिका घेऊन आला. बाईंनी पत्रिकेवरचं नाव वाचून विचारलं, हे कोण. तो म्हणाला, "मीच की, बाई. अडतीस." तेव्हा ओळख पटली आणि चहा आला. बाईंचा स्वतःचा आकडा मात्र कुणाला माहीत नव्हता. विचारलं की त्या म्हणत, माझी परीक्षा घेणारा अजून भूमच्या स्टँडवर उतरलेला नाही.

इन्स्टिट्यूट एसटी स्टँडच्या मागं, खव्याच्या एका दुकानाच्या वर आहे. एक लांब खोली, शहाबादी फरशी, चौदा मशिनी. बाईंच्या उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर असतं. उभं राहताना गुडघ्याची कडी खाली पडते आणि 'खट्' असा आवाज येतो. तो आवाज आला की वर्गातल्या पाठी ताठ होत. मशीनवर प्लायवूडचं झाकण असायचं, त्याखाली हात घालून टाइप करायचं. अक्षरं बघायची नाहीत. बाई पलीकडच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत, "खिडकीजवळचा शून्य, डावी करंगळी झोपली."

नियम दोन होते. पहिला: ज्या बोटाचं अक्षर, त्याच बोटानं. दुसरा: चूक झाली की पान नवं. खोडरबर प्रवेशाच्या दिवशीच बिस्किटाच्या डब्यात जमा व्हायचं. "खोडलेलं पान म्हणजे दोन चुका," त्या म्हणत. "एक केली ती, आन एक लपवली ती."

पहिला नियम त्यांनी एकदाच मोडला, तो तीससाठी. तो दहावीनंतर क्लासला आला तेव्हा उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलं होतं. टायपिंगमध्ये त्या बोटावर सगळ्यात जास्त काम असतं. दुसऱ्या एका क्लासनं त्याला परत पाठवलं होतं. बाईंनी त्याला तीन दिवस नुसतं बसवून ठेवलं आणि रंगीत पेन्सिलींनी कीबोर्डचा नवा तक्ता काढला, नऊ बोटांचा. परीक्षेच्या दिवशी बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी हरकत घेतली. बाईंनी नियमांचा कागद त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, यात वेग मोजायचा लिहिलाय, चुका मोजायच्या लिहिल्यात, बोटं मोजायची कुठं लिहिलीत ते दाखवा. परीक्षकांना ते सापडलं नाही. मुलगा तीसच्या वेगानं पास झाला. त्या तीन दिवसांत बाई त्याला काय म्हणाल्या होत्या, ते तीस अजून सांगतो: "अक्षराला बोट कळत न्हाय. दाबणारं कुणीतरी लागतं, बस."

पुढं परीक्षा संगणकावर गेल्या. बाईंनी सहा संगणक घेतले. मशिनी भिंतीला लागल्या. क्लास सुटल्यावर मुलं थांबून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळू लागली, बाणांच्या बटणांवर. बाईंनी हे आठवडाभर पाहिलं. मुलांना वाटलं, आता डब्यात खोडरबरासोबत माउसही जमा होणार. पण एक दिवस बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, सरक. महिनाभरात क्लासमध्ये त्यांना हरवणारं कुणी उरलं नाही. बटणांवर न बघता बोटं चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

त्यानंतर त्यांची तक्रार सुरू झाली. मला फोनवर म्हणाल्या, "बत्तीस, हे बटण म्हणजे व्हय का न्हाय. रेस दिली तर सगळी, न्हायतर कायच न्हाय. मधलं कुठंय?" खऱ्या गाडीत पाय थोडा दाबता येतो, थोडा सोडता येतो, हे त्यांना वाचून माहीत होतं. खरी मोटार त्यांनी कधी चालवली नव्हती. दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर होती. तिच्यावरून त्या आठवडी बाजाराला जात आणि वाटेत हॉर्न वाजवत नसत. लोकांना स्कूटरचा आवाज ओळखता यायला हवा, असं त्यांचं मत होतं. संगणकाला जोडायचं स्टिअरिंग आणि पेडलं मिळतात हे कळल्यावर त्यांनी ती घ्यायचं ठरवलं.

त्यांनी चौदा प्रश्नांचा कागद मशीनवर टाइप केला, त्याचा फोटो काढला आणि पाच दुकानदारांना पाठवला. तिसरा प्रश्न: ब्रेक पूर्ण दाबण्यास किती किलो वजन लागते? पाचवा: पेडलांचा संच शहाबादी फरशीवर सरकतो काय? नववा: चाकावरील बटणे न पाहता बोटास वेगवेगळी कळतात काय? चौदावा: वरील उत्तरे स्वतः तपासून दिली आहेत काय? चौघांनी कळवलं की माल उत्तम आहे. पाचव्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. बाईंनी पाचही उत्तरांना चौदापैकी शून्य गुण दिले आणि मला फोन केला.

मी पुण्यातल्या एका दुकानात जाऊन प्रत्यक्ष मापावं, असा निर्णय झाला. किराणा दुकानातली मापं सोबत न्यायची. पाय लावायचा नाही. का, असं मी विचारलं. "धडधाकट पायाला वजन कळत न्हाय," बाई म्हणाल्या. "जिना चढताना तू कधी पायऱ्या मोजल्यास? म्या मोजते."

मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून अर्ध्या किलोची दोन आणि एक, दोन, पाच किलोची एकेक अशी मापं उसनी घेतली. दुकानाच्या दारातल्या रखवालदारानं पिशवी उघडली, एक माप उचलून पाहिलं आणि मला आत सोडलं. आत काचेच्या कपाटांत स्टिअरिंग मांडलेली होती. मी गुडघ्यावर बसून पेडलावर एकेक माप ठेवू लागलो. फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवला होता. सगळ्यात महाग संचाच्या ब्रेकवर पिशवीतली सगळी मापं आणि माझी बॅग ठेवूनही तो पूर्ण दबला नाही. विक्रेता अभिमानानं म्हणाला, सर, यावर जवळजवळ उभं राहावं लागतं, अगदी खऱ्या रेसिंग कारसारखं.

फोनमधून आवाज आला, "उभं राहायचं तर बसायची खुर्ची कशाला विकता?"

विक्रेत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, माझ्या बाई आहेत. बाईंनी मग त्याला त्यांच्या पायांचे आकडे सांगितले. खालच्या खव्याच्या दुकानातल्या काट्यावर पाय दाबून त्यांनी ते घेतले होते: डावा बावीस किलो, उजवा पावणेदोन. पावणेदोनमध्ये जे पूर्ण दबेल ते दाखव. विक्रेता आतून आणखी तीन खोकी घेऊन आला. शेवटी मापं तोच ठेवत होता आणि मी आकडे लिहून घेत होतो. जाताना तो म्हणाला, लोक किंमत विचारतात, पेडलाचं वजन आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एका साध्या संचाचा अॅक्सिलरेटर दीड किलोत पूर्ण दबत होता. ब्रेक नऊ किलोत. बाईंनी वजाबाकी केली: उजव्या पायाला पाव किलो शिल्लक, डाव्याला तेरा. तोच संच मागवला. दुकानाची अट होती की दहा दिवसांत परत आणला तरच बदलून मिळेल.

पार्सल बार्शीमार्गे आलं. पुढचे सहा दिवस काय झालं ते मला तीसनं सांगितलं, आणि बाईंनी नंतर दोन शब्दांत दुजोरा दिला: "खरं हाय."

पेडलं फरशीवर सरकू लागली. बाईंनी त्यांच्या मागं, भिंतीशी, दोन बंद पडलेल्या मशिनी ठेवल्या. सरकणं थांबलं. खुर्चीत बसून गुडघ्याची कडी वर केली, उजवा पाय हातानं उचलून अॅक्सिलरेटरवर ठेवला. पेडल दबलं. गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. दुसऱ्यांदाही गेली. सहा दिवस, रोज चार तास, गाडी त्याच भिंतीत जात राहिली. बाईंच्या हिशोबात चूक नव्हती. पाय दाबत होता. बाईंनी सरावाची वही केली आणि रोजच्या धडका तिच्यात लिहिल्या. क्लासमधल्या कुणीतरी सुचवलं की खेळात आपोआप ब्रेक लागायची सोय असते, ती सुरू करा. "मग गाडी कोण चालवायलंय?" बाईंनी विचारलं. पुन्हा कुणी सुचवलं नाही.

सातव्या दिवशी शनिवार होता. तीस दर शनिवारी जुन्या मशिनींना तेल द्यायला येतो. कुणी सांगितलेलं नाही, तो येतो. त्यानं तेलाची कुपी हातात धरून थोडा वेळ पाहिलं. मग तो खाली बसला आणि बाईंच्या बुटाजवळ वाकून पुन्हा पाहू लागला.

तो म्हणाला, "बाई, पाय दबतोय. वर येईना गेलाय."

पाव किलो शिल्लक होतं ते दाबण्यासाठी. उचलण्यासाठी काहीच नव्हतं. पायावर कॅलिपर होतं, खाली जाड बूट होता, आणि हे सगळं त्या पेडलावर आडवं पडलेलं होतं. पेडलाची स्प्रिंग हलकी म्हणून तर ते निवडलं होतं. हलकी स्प्रिंग पायाला परत वर ढकलू शकत नव्हती. रेस एकदा दिली की सुटत नव्हती. बटणांवर होतं तसंच झालं होतं: सगळी किंवा काहीच नाही.

तीस सांगतो की बाईंनी सरावाची वही मिटली. मग म्हणाल्या, "मशीनची कळ आपोआप वर येती. चाळीस वर्षं आपोआप आली. म्हणून म्या दाबायचं वजन मोजलं, उचलायचं मोजलंच न्हाय."

तीसनं सुचवलं की रेस हातात घ्या. चाकाच्या मागं बोटांनी ओढायच्या पात्या असलेली स्टिअरिंग मिळतात. जितकी पाती ओढावी तितकी रेस. त्यानं ते मोबाइलवर पाहिलं होतं. बाईंनी नकार दिला. पायाचं काम पायानं करायचं. ज्या बोटाचं अक्षर, त्याच बोटानं.

"स्कूटरला रेस हातातच हाय की तुमच्या."

"स्कूटरला पायडल न्हायच. हितं हाय. असून वापरायचं न्हाय म्हंजे सवलत झाली."

मुदतीचे तीन दिवस उरले होते. ते गेले असते तर तो संच बाईंकडंच राहिला असता, आणि बाई बाणांच्या बटणांवर परत गेल्या असत्या. तीसला हे माहीत होतं. दुसरा संच मागवण्यातल्या त्या नाहीत, हेही माहीत होतं. त्यानं तेलाची कुपी खाली ठेवली आणि उजवा हात टेबलावर पसरला, चार बोटांचा.

"मग माझी पण सवलतच व्हती का, बाई?"

तीसनं हात तसाच ठेवला.

"तीन दिवस बसवलं तुमी मला. तक्ता काढला. अक्षराला बोट कळत न्हाय म्हणला. मग गाडीला पाय कळतो का?"

बाईंनी त्याचा हात पाहिला, मग स्वतःचा बूट पाहिला. कडी खाली पाडून त्या उभ्या राहिल्या. खट् असा आवाज झाला आणि तीस सवयीनं ताठ झाला. बाई कपाटाकडं गेल्या. परत आल्या तेव्हा हातात रंगीत पेन्सिली होत्या.

त्यांनी काढलेला तक्ता माझ्याकडं फोटोत आला. उजव्या हाताची पाती: रेस, हिरवी. डावा पाय: ब्रेक, लाल. डावा अंगठा: गिअर वर. डाव्या हाताची पाती: गिअर खाली. उजव्या पायाच्या जागी काळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "स्टुलावर विश्रांती." खाली माझ्यासाठी सूचना होती: दुकानात जाणे, पात्यांचे वजन घेणे, या वेळी परतीचेही घेणे.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तीस संच घेऊन एसटीनं पुण्याला आला. विक्रेत्यानं आम्हाला ओळखलं. त्यानं स्वतःच पातीला दोरी बांधली, दोरीला ग्रॅमची लहान मापं टांगली आणि मग ती एकेक काढत पाती कोणत्या वजनाला परत येते ते पाहिलं. दोनशे ग्रॅमला पूर्ण ओढली जात होती, दीडशेला परत येत होती. फोनवरून बाईंनी आकडे दोनदा वदवून घेतले आणि घ्या म्हणाल्या. विक्रेत्यानं त्यांना विचारलं की आता समाधान झालं का. पाचव्या प्रश्नात माल अजून नापास आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं, पेडलं शहाबादीवर सरकतात.

मधलं सापडलं. ऑगस्टमध्ये त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, वळणावर अर्धी रेस दिली, मग पाव. नंतर हवापाण्याचं बोलल्या.

तरीही ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत बाईंनी एकही शर्यत पूर्ण केली नाही. गाडी रस्त्याबाहेर गेली, दुसऱ्या गाडीला घासली, वळण रुंद पडलं, की त्या खेळ बंद करून पहिल्यापासून सुरू करत. पान नवं. बारा फेऱ्यांत एकही चूक न होणं चांगल्या चांगल्या खेळाडूंनाही जमत नाही, असं मी फोनवर म्हणालो. त्यांनी विचारलं, तुझ्या पेपरात चूक झाली तर तुम्ही काय करता. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. "म्हणून तू बत्तीस," बाई म्हणाल्या.

जानेवारीतल्या त्या शर्यतीत तीसनं त्यांचं नाव परस्पर घातलं. नवख्यांसाठीची शर्यत होती, कुणालाही खुली. बाईंना त्यानं आदल्या दिवशी सांगितलं, आणि हेही सांगितलं की ही परीक्षा आहे, सराव नाही. परीक्षेचा नियम वेगळा होता आणि तो बाईंनीच आम्हाला घालून दिला होता: परीक्षेत चूक झाली तर मागं बघायचं नाही, हात थांबवायचा नाही, अर्धं पान कुणी तपासत नाही. बाई त्याच्यावर रागावल्या. रविवारी सकाळी त्यांनी चाकाच्या बटणांवर प्लायवूडचं जुनं झाकण बसतं का ते पाहिलं. बसलं नाही.

मी दुपारी पोचलो. शर्यत सुरू झाली तेव्हा बाई अकराव्या होत्या. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या वळणावर गाडी रस्ता सोडून वाळूत गेली. सहा गाड्या पुढं निघून गेल्या. बाईंचा डावा हात चाकावरून उठला आणि कीबोर्डकडं गेला, जिथून खेळ बंद होतो. तीसनं माझ्याकडं पाहिलं. हात कीबोर्डवर पोचला, तिथं थोडा थांबला आणि परत चाकावर आला.

"पुढं," बाई म्हणाल्या. आमच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

उरलेल्या फेऱ्यांत त्या आणखी दहा वेळा चुकल्या. प्रत्येक चुकीला त्या तोच शब्द म्हणाल्या. शेवटची फेरी संपली तेव्हा तीन चाळीस झाले होते.

बाई कडी पाडून उठल्या, भिंतीजवळच्या एका चालू मशीनवर बसल्या आणि निकालाचा कागद टाइप केला. क्लासचे निकाल त्या जसे लावत तसाच तो त्यांनी सूचनाफलकावर लावला. मागच्या महिन्यात मी भूमला गेलो तेव्हा कागद तिथंच होता. स्पर्धक एकोणीस, फेऱ्या बारा. चुकांच्या रकान्यात लाल पेन्सिलीच्या अकरा रेघा आहेत. नावाच्या रकान्यात 'सतरा' असं आहे.